जळक्या खोऱ्याचा तळ

वन्सं, तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गेलात, ह्याचा मला फार राग आलाय.

जी बाई सडेवाडीच्या कड्यावर एका हातानं करवंदीची जाळी धरून दुसऱ्या हातानं मला वर ओढायची, तिनं आमच्या तासगावच्या बेदाणा शेडमध्ये, पंख्याखाली, मांडीवर सुपभर बेदाणा घेऊन, काड्या निवडता निवडता मान टाकावी? दुपार होती. बाया चहाला उठल्या होत्या. मी तुमचा कप घेऊन आले आणि म्हणाले, "वन्सं, आवं च्या घ्या की, निवतोय." तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. सुपातला एक बेदाणासुद्धा सांडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंही नसेल. मग जो येईल तो तेच बोलायला लागला. भाग्यवान बाई, कुणाकडून सेवा करून घेतली नाही, सोन्यासारखं मरण आलं. एकेकाला उठवून घरी पाठवावं असं मला होत होतं. तुम्हाला असलं मरण नको होतं, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

नणंद-भावजयीचं एवढं कसं जमलं, असं मला बायका विचारतात. जमलं कुठं, मी म्हणते, आम्ही तर सारख्या भांडत होतो. पण ते भांडण इतर घरांतल्यासारखं ताटातलं आणि वाटीतलं नव्हतं. पाय कुठं ठेवायचा, माघारी कधी फिरायचं, पाणी आत्ता प्यायचं की खाली गेल्यावर, ह्यावर आपण भांडायचो. आणि लोकांच्या घरी नणंद माहेरपणाला येते. आपल्यात ते उलटं होतं. तुम्ही तासगावला यायचा ते राबायला. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की पिशवी घेऊन हजर, आणि बेदाणा पेटीत भरून होईपर्यंत हलायचं नाव नाही. माहेरपण करायचे मी, तुमच्या सासरी सडेवाडीला, साताऱ्याच्या घाटमाथ्यावर. एकदा हंगाम सरल्यावर आणि एकदा नवरात्रात, बागेत छाटणीची माणसं लागायच्या आधी. तासगावहून सातारा, साताऱ्यात एसटी बदलायची, आणि शेवटी ती घाट चढताना धापा टाकणारी मुक्कामी गाडी. तुम्ही फाट्यावर उभ्या असायचा. पिशवी हातातून घ्यायच्या आधी माझ्या पायांकडे बघायचा. "चपला घालून आलीस व्हय? मग उद्या काय डोंबल चालणार?"

पहिल्यांदा आले त्या वर्षी मला वाटलं होतं, नणंदेकडे जायचं, नाचणीची भाकरी खायची, दुपारी ताणून द्यायची. बेदाण्याच्या शेडमध्ये उभं राहून कंबर मोडली होती. तुम्ही दुसऱ्या दिवशी उजाडताच मला उठवलंत, भावोजींचे जुने फौजी बूट पुढ्यात टाकलेत आणि साडीच्या आतून घालायला पँट दिलीत. बुटात दोन-दोन मोजे कोंबावे लागले. वाडीतल्या बायका पाण्याला निघाल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "कुठं गं निघाल्या नणंदा-भावजया? शिकारीला का काय?" तुम्ही म्हणालात, "व्हय, हिचं भ्या मारून आणायचं हाय." मला इतकी लाज वाटली की वाडी संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

शेतं संपली की सडा लागतो. काळा-तांबूस कातळ, त्याच्यावर बोटभर माती आणि गवत, नवरात्रात खळग्याखळग्यांत साचलेलं पाणी. सरळ चाललं की चाललंच, आणि मग पुढं जमीनच नाही. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा खाली बसले. इतकी मोठी जागा रिकामी असते हेच मला माहीत नव्हतं. समोरचे कडे काळे कुळकुळीत, भाजून निघालेले, म्हणून वाडीतले लोक त्याला जळकं खोरं म्हणतात. तीन मोठे टप्पे, प्रत्येक टप्प्याला कातळाची भिंत आणि भिंतीखाली झाडीचा पट्टा. सगळ्यात तळाला डोह. वरून बघितलं तर कुणी परातीत पाणी ओतून विसरून गेलंय असं वाटायचं.

"तिथं जायाचं," तुम्ही म्हणालात.

"आज?" मी विचारलं.

"आज न्हाई. आज निस्तं बसायचं."

आणि आपण नुसत्या बसलो. तुम्ही पदरातून शेंगा काढल्यात. बसल्या बसल्या तुम्ही म्हणालात, "सुमे, नवऱ्याचं नाव घे बघू." मी उखाणा म्हणायला लागले तर तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. "उखाणा नगं. आरडून घे. हितं कोण हाय ऐकाय?" लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तोवर मी ह्यांचं नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. तुमच्याच भावाचं नाव, तुम्ही ते बाळपणापासून घेत आलेल्या. मी हळूच म्हटलं. तुम्ही म्हणालात, न्हाई आयकू आलं. मग मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाळासाहेब!" आणि समोरच्या कड्यानं तो बाळासाहेब परत माझ्या अंगावर फेकला. मला हसू आवरेना. पोट दुखेपर्यंत हसले. घरी वरणात मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करणारा माणूस असा डोंगरातून येताना ऐकून काय वाटतं, ते मी कुणाला सांगू?

मग तुम्ही उभ्या राहिलात आणि भावोजींचं नाव घेतलंत. संपत. एकदाच. खोऱ्यानं ते परत दिलं, पहिल्यांदा मोठं, मग बारीक. तुम्ही खाली बसलात. पुन्हा शेंगा घेतल्यात आणि सांगितलंत, की लग्नाच्या वर्षी ते सुट्टीवर आले होते, तुम्हाला ह्याच जागी घेऊन आले होते, आणि तो डोह दाखवून म्हणाले होते, "पुढच्या सुट्टीला तुला तिथं न्हेतो. चालत न्हेतो, भ्यायचं न्हाई." पुढची सुट्टी आली नाही. पलटणीतून पेटी तेवढी आली. तुम्ही हे सांगताना शेंगा सोलायच्या थांबला नव्हतात. "हे कुणापाशी बोलू नगंस," म्हणालात. मी बोलले नाही. तुमच्या भावालासुद्धा सांगितलं नाही.

तेव्हापासून आपलं ते वेड सुरू झालं. पहिला टप्पा आपण दुसऱ्या वर्षी उतरलो. तुम्ही पुढं, मी मागं, आणि तुम्ही सारख्या ओरडताय, "सुमे, खाली बघू नगं, हाताकडं बघ. हात कुठं हाय तिथं ध्यान ठेव, पाय आपसूक येतोय." पाय काही आपसूक येत नव्हता. घसाऱ्यावरून बसून, घासत, पँट फाडून मी खाली आले. पण आले. त्या रात्री तुमच्या घरी मला तीन भाकऱ्या जास्त लागल्या.

दुसऱ्या टप्प्याला सरळ भिंत. धरायला काही नाही. तिथं तुम्ही सासूबाईंचं लुगडं काढलंत. खरंच सांगते, मी थक्क झाले. तुमच्या आईचं, ते हिरवं इरकली नऊवारी, जे त्या गेल्यावर तुम्ही आठवण म्हणून घेऊन गेला होता. मला वाटलं होतं, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं असेल. तुम्ही ते पिळलंत, अंजनीच्या बुंध्याला गाठ मारलीत, ओढून बघितलंत आणि म्हणालात, "आयचं लुगडं हाय. दगा द्यायचं न्हाई."

"तुम्हाला न्हाई देणार," मी म्हणाले. "मला देईल."

तुम्ही कातळाला टेकून हसला होता. कारण तुम्हाला माहीत होतं. सासूबाईंनी मला उभ्या जन्मात कधी चार माणसांत वर मान करू दिली नाही. आणि त्यांच्याच लुगड्याला लोंबकळून मी तो कडा उतरले, परत चढूनही आले. वर आल्यावर मी त्या लुगड्याला नमस्कार केला. तुम्ही म्हणालात, "आता फिटलं बघ तुमच्या दोघींचं." फिटलं होतं. वन्सं, मी एवढी वर्षं मनात जे धरून बसले होते ते त्या दिवशी कुठं गेलं मला कळलं नाही. देवळं केली, उपास केले, त्यानं झालं नव्हतं. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही. आता मानते, तर ऐकायला तुम्ही नाहीत.

दुसऱ्या टप्प्याच्या झाडीत एकदा आपल्याला कॉलेजची पोरं भेटली, त्यांचे सर बरोबर. दगड ठोकून बघत होते. सरांनी आपल्यालाही बसवून सांगितलं, की हा सगळा मुलूख म्हणजे जमिनीतून वर आलेला तापलेला रस, एकावर एक थर साचले आणि गार झाले. तुम्ही म्हणालात, "म्हंजी भाकरीची चवड." सर म्हणाले, "अगदी तसंच, मावशी." तुम्हाला तेवढ्यानं समाधान होईना. "मग ह्ये इझलं कवा?" ते म्हणाले, कोट्यवधी वर्षं झाली. पोरं गेल्यावर तुम्ही कातळाला तळवा लावून बसलात. ऊन उतरलं होतं, तरी दगड गरम होता. "अजून उबारा हाय, सुमे." मी म्हटलं, "उन्हाचाय त्यो, वन्सं." तुम्ही म्हणालात, "तुला लय कळतंय." आणि हात काढला नाहीत.

तिसरा टप्पा मात्र राहिला. दरवर्षी आपण दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायचो आणि तिथून खाली बघायचो. डोह तिथून परातीएवढा दिसत नाही, चांगला विहिरीएवढा दिसतो. कडेचे दगड दिसतात, पाण्यावर वाकलेलं उंबर दिसतं. दरवर्षी काहीतरी निघायचं. एका वर्षी आग्या मोहोळ बसलं होतं, एका वर्षी पाऊस लांबला, एका वर्षी माझ्या लेकीचं बाळंतपण. आणि मग माझे गुडघे. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, वाटी झिजली म्हणाले, जिनासुद्धा जपून चढा. मी तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "फोटू काढल्यावर कुणाचं बी झिजल्यालंच दिसतंय."

आता गेल्या नवरात्राचं बोलते. त्याबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही.

आपण दोघीही उपाशी होतो. नऊ दिवसांचे उपास, तुमचे तर कडकडीत, दोन वेळा दूध आणि एखादं केळ. मी म्हटलं होतं, पारणं होऊ द्या, मग उतरू. तुम्ही म्हणालात, "देवीच्या दिसात गेलं तर देवी संगं येती." उपासाच्या पोटी कडा उतरायचा, हे आपल्यासारख्याच बायकांना सुचू शकतं. पहिला टप्पा मी कशीबशी उतरले, गुडघ्याला पट्टा बांधून. दुसऱ्याच्या भिंतीपाशी तुम्ही लुगडं बांधायला वाकलात आणि खाली बसलात. कपाळावर घाम, ओठ पांढरे. डावा हात चोळत होतात. मी विचारलं, काय होतंय? "उपासाचं पित्त. गरगरलं वाईच." मीही म्हणाले, उपासाचंच. साखर तोंडात टाकली, पदरानं वारा घातला. थोड्या वेळानं तुम्ही बऱ्या झालात. उपास होता म्हणून. उपास नसता तर मी तुम्हाला धरून सांगलीला नेलं असतं. आपल्या दोघींना जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण ठाऊक होतं. हे आठवलं की मला देव्हाऱ्याकडे बघवत नाही. ह्या वर्षी मी उपास धरणार नाही, घरात सांगून टाकलंय.

आणि तेवढ्यात ती कडे चढणारी पोरं आली. साताऱ्याकडची, हेल्मेट घातलेली, अंगावर पट्टे आणि कड्या. त्यांच्यात ती प्राजक्ता होती, हसरी, धीट. ती म्हणाली, "काकू, आम्ही डोहापर्यंत दोर लावलाय. तुम्हाला दोघींना पट्ट्यात बसवून सोडतो. तुम्ही फक्त बसायचं, बाकी आमच्यावर. संध्याकाळच्या आत परत वर." वन्सं, मी तर लगेच हो म्हणणार होते. एवढी वर्षं! आणि आता ह्या पोरी आपल्याला पाळण्यातून खाली नेणार.

तुम्ही म्हणालात, "आमी न्हाई येत."

मी म्हणाले, "का?"

"गाठोडं सोडल्यागत मला न्हाई उतरायचं. चालत जायाचं."

"वन्सं, कुणाच्या पायानं? माझ्या? का तुमच्या, ज्या आत्ता भुईवर बसल्यात?"

"व्हईल हळूहळू."

"आईच्या लुगड्याला लोंबकळलेलं चालतं आणि ह्या लेकरांची दोरी न्हाई चालत?"

"लुगड्याला हात माझा अस्तोय. त्या पट्ट्यात बसलं की हात बी त्यांचा, पाय बी त्यांचा. मग मी कशाला, पोतं सोड की."

मला संताप आला. मी म्हणाले, तुम्हाला तळ बघायचाय का नुसता हट्ट मिरवायचाय? पोरं ऐकत होती, त्यांना अवघडल्यासारखं झालं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि इतक्या हळू बोललात की त्यांना ऐकू गेलं नसेल. "सुमे, त्येनी मला चालत न्हेतो म्हणलं हुतं."

तरी मी बोललेच. मी म्हणाले, "ते न्हाईत आता." तुम्ही उठलात, लुगडं गुंडाळलंत आणि वर चढायला लागलात. मी मागून. सड्यावरून चालताना तुम्ही पुढं, मी मागं, मधलं अंतर तुम्ही कमी होऊ दिलं नाहीत. घरी आल्यावर तुम्ही चहा टाकलात, माझा कप माझ्यासमोर ठेवलात, आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या वेळा, रेशनची साखर, हे बोलणं सुरू झालं. फाट्यावर मला गाडीत बसवताना तुम्ही म्हणालात, "गुडघ्याला एरंडाचं पान बांध." बस्स.

अजूनही मला वाटतं, माझंच बरोबर होतं. त्या दिवशी गेलो असतो तर आज तुमचे पाय त्या पाण्याला लागलेले असते. तुम्ही म्हणाला असता, ते जाणं नव्हे. मी म्हणाले असते, ओल्या पायांना काय कळतं कसे आले ते. हे भांडण मला हंगामात पुरं करायचं होतं. तुम्ही आलात, शेडमध्ये बसलात, आणि मी म्हटलं आज नको, आज गडबड आहे, बेदाणा भरून होऊ दे. शेवटच्या दिवसापर्यंत आपण द्राक्षाच्या भावावर आणि बायकांच्या मजुरीवर बोलत राहिलो.

तुम्ही गेल्याचं प्राजक्ताला कुणीतरी कळवलं. तिचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही या. दिवस झाल्यावर या. आम्ही तुम्हाला उतरवतो, काकूंच्या नावानं." मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर मला कळेना, मी कुणाला बरं म्हणाले.

आणि काल दहावा झाला. सांगलीला, कृष्णेच्या घाटावर. आपल्या येरळेला ह्या दिवसांत पाणी कुठलं? सडेवाडीहून तुमचा पुतण्या दत्ता आला होता, त्यानं सगळं केलं. चांगला पोरगा आहे. पिंड मांडले आणि आम्ही बाजूला होऊन उभे राहिलो. तुम्हाला माहीतच आहे, त्या घाटावर कावळ्यांना तोटा नाही. पलीकडे आणखी एका घरचं चाललं होतं, त्यांच्या पिंडावर पान मांडताच झडप पडली. तुमच्याकडे एकही नाही. कठड्यावर ओळीनं बसलेले, आपले पंख खाजवत होते.

ज्याचं काही राहिलं त्याच्या पिंडाला शिवत नाही म्हणतात. मग सुरू झालं. ह्यांनी हात जोडले. "आक्का, तुझ्या वाटणीची बाग आमी मोडत न्हाई. त्येची काळजी करू नगंस." कावळे बसलेलेच. दत्ता पुढं झाला. "काकी, सडेवाडीचं घर पडू देत न्हाई. रोज दिवा लावतू." काही नाही. शेजारच्या हौसाकाकू म्हणाल्या, "भावजयीचा जीव हाय तुझ्यात, तिच्यासाठी आडकलीयास व्हय गं? आमी हाय की तिला." ह्यांनी लगेच दुजोरा दिला, "व्हय आक्का, हिला मी सांभाळतू." एवढ्यातही मला हसू आलं. मला सांभाळणार, आणि हे!

ऊन चढत होतं. गुरुजी म्हणाले, "कुणाला आणखी काही ठाऊक असेल तर बोला." आणि हळूहळू सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनीसुद्धा. "सुमन, तुला म्हाईत असंल तर बोल की. तुझ्याजवळच बोलायची ती."

वन्सं, मला माहीत होतं. तिथं उभ्या असलेल्यांत मला एकटीलाच माहीत होतं. दोन शब्दांचं काम होतं, मी तळाला जाते. पण चालत जाते असं मी म्हणू शकत नव्हते. घाटाच्या पायऱ्या उतरताना मला दत्तानं धरलं होतं. आणि मेलेल्या माणसाशी खोटं बोलू नये एवढं मला कळतं, तुमच्याशी तर नाहीच. तुम्ही जिवंतपणी माझं खोटं एका नजरेत ओळखायचा. तेव्हा जे माझ्यानं होण्यासारखं होतं तेवढंच मी बोलले. पुढं झाले, वाकता येईना म्हणून उभ्यानंच हात जोडले, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "वन्सं, त्या पोरींच्या दोरीनं जाते. बसून जाते. तळाला तुमच्या दोघांच्या नावानं पाणी सोडते. चालंल का?"

कठड्यावरचा एक कावळा खाली उतरला. तो दोन उड्या मारत पिंडापाशी आला, मान वाकडी करून भाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. आणि उडाला. पलीकडच्यांच्या उरलेल्या भातावर जाऊन बसला.

"काय बोललीस?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणाले.

मी कावळ्यात कितपत विश्वास ठेवते हे मला विचारू नका. एवढंच सांगते, की मला नवल वाटलं नाही. पुन्हा विचारून बघावं असंही वाटलं नाही. तुमचं नाही म्हणजे नाही, हे मला जुनं माहीत आहे.

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि दत्ताच्या हातून पिंडाला लावला. "झालं," ते म्हणाले, "आत्मा तृप्त झाला." ह्यांनी डोळे पुसले. हौसाकाकू म्हणाल्या, सुटली बाई. सगळे आंघोळीला नदीकडे वळले आणि मी पिंडापाशी उभी राहिले. तुम्ही तृप्त झालेल्या नाहीत. माझ्या पायांनी मी तिथं पोचणार नाही, आणि दोरीनं गेलेलं तुम्हाला चालत नाही. मी खूप विचार केला, वन्सं, काल रात्रभर केला. तिसरी वाट नाही.